पोटदुख्या

आमचा भाऊ चौघांत धाकटा. आम्हा तिघी बहिणींनी त्याचं नाव ‘पोटदुख्या’ ठेवलं होतं. शाळेची वेळ झाली की तो हमखास पोट धरून उंबऱ्यावर बसायचा. “पुरे झाली नाटकं!” म्हणत मी, सगळ्यांत थोरली, त्याला दंडाला धरून ओढत न्यायचे. संध्याकाळी मात्र दप्तरं फेकून चौघंही पाण्याकडे धावायचो. पेला एकच होता. ज्याच्या हाती लागेल त्याने अर्धा प्यायचा आणि पुढे द्यायचा. आई गरम घास आधी स्वतःच्या ओठांना लावून बघायची, मग आमच्या तोंडात घालायची. किती सुखाचे दिवस होते ते! चाळीस वर्षांनी भावाच्या पोटात व्रण निघाला. पोटातला जंतू श्वासावरून कळतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हा बहिणींनाही तपासणीच्या पिशवीत फुंकायला लावलं. चौघांच्याही पोटात व्रण करणारा तोच जंतू निघाला. “लहानपणीच घरात एकमेकांकडून लागतो हा,” त्या म्हणाल्या. “कितीतरी मुलांच्या पोटात असतो, दुखतं मात्र एखाद्याचंच.” बाहेरच्या बाकावर मी भावाजवळ सरकले. “म्हणजे तुझं खरंच दुखायचं रे?” “रोज.” “मग पुढे सांगायचं का सोडून दिलंस?” तो संकोचून हसला. “ताई, मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं. तुम्ही तिघी निमूट सोसता आणि मीच तेवढा रडका.”