काडीसुद्धा नको

दारात ताई उभी होती. आठ वर्षांनी. धाकटीला आधी आठवला तो बाल्कनीतला गुलाब, नेमका आजच भरभरून फुललेला. "ये ना, ये," म्हणता म्हणता ती आत पळाली आणि तिने बाल्कनीचा पडदा ओढून घेतला.

आई गेल्यावर घरावरून दोघींचं वाजलं होतं. "या घरातली काडीसुद्धा नको मला!" असं चारचौघांत ठणकावून धाकटी अंगणात आली, आणि पायरीवर पडलेल्या सुरीने आईच्या गुलाबाची काडीच कापून, पर्समध्ये कोंबून चालती झाली. घरी येऊन तिने त्या काडीचे तीन तुकडे केले, पानं काढली, ओल्या वाळूत खोचले. दोन काळे पडले. महिन्याभराने तिसऱ्याला तांबूस कोंब फुटला, तेव्हा ती एकटीच रडली होती. फोन मात्र केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

ताईने पाणी घेतलं. पेला हातातच धरून बसली.

"आईचा गुलाब गेला गं," ती म्हणाली. "पाइपासाठी खणताना माणसांनी मुळासकट उपटला. मी भाजी आणायला गेले होते. येऊन पाहते तर फांद्यासुद्धा कचऱ्याच्या गाडीतून गेलेल्या."

गप्प राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ताईने पाण्याला तोंडही न लावता पेला खाली ठेवला. धाकटी उठली आणि तिने पडदा सर्रकन बाजूला केला.

"ताई, मी त्याची काडी चोरली होती. त्याच दिवशी. आता काय बोलायचं ते बोल."

बोलून टाकलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. ताई उठली. बाल्कनीत गेली. एक फूल नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने पिशवी उघडली. आतून झाडं छाटायची कात्री निघाली, ओलं फडकं निघालं.

धाकटीने कात्रीकडे पाहिलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत होते मी," फांदी निवडता निवडता ताई म्हणाली. "सरळ कापत होतीस. तिरकी काप गं, म्हणून ओरडणारच होते. पण म्हटलं, मी बघतेय हे कळलं, तर तिथेच टाकून जाशील."