बरणीचं झाकण

"बरणी आणि झाकण एकाच मातीचं, एकाच ओलीत करायचं. मागाहून केलेलं झाकण बसत नाही, मग कितीही मनधरणी कर."

कारखान्याचं दार उघडलं की आईचा हा आवाज धाकटीला रोज सकाळी ऐकू यायचा. कोपऱ्यातल्या फळीवर आईच्या हातची शेवटची बरणी होती. तिच्यावर ओलं फडकं, फडक्यावर प्लॅस्टिक. ती चाकावरून उतरवली त्या दुपारी आई म्हणाली होती, "दमले गं. झाकण तू कर." धाकटी "करते" म्हणाली होती. आई आत जाऊन जरा आडवी झाली, ती पुन्हा उठलीच नाही.

त्याला आज सव्वीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत धाकटीने बरणी वाळू दिली नव्हती. वाळताना माती आक्रसते. आक्रसलेल्या तोंडावर नंतरचं झाकण कुठून बसणार? म्हणून ती नेमाने फडकं भिजवायची, पिळायची, पुन्हा गुंडाळायची. त्याआधी मात्र हात आत घालायची. माती वर ओढताना आईच्या बोटांची वळणं आतून उमटली होती. त्यांवरून बोटं फिरवत वर येताना धाकटीचे डोळे आपोआप मिटायचे. आत विहिरीसारखा गारवा असायचा, आणि चाक बंद असूनही फिरतंय असं वाटायचं. काठाशी आली की ती हळूच हात काढून घ्यायची. झाकण उद्या करू, म्हणायची.

आज वहिनी मागे येऊन उभी राहिली. भट्टी लावायचं काम तिचं.

"झालं का पाणी पाजून?"

"हळू बोल गं."

"का? झोपलीय का ती?" वहिनी हसली आणि वाकून, प्लॅस्टिक आणि फडकं बाजूला सारून तिने बरणीच्या बुडाला अंगठा लावला. तिचं हसू मावळलं. "अगं, बूड बसायला लागलंय. हे बघ, अंगठा उमटला. आणखी दोन दिवसांत चिखल होईल हिचा. पाजून पाजून मारशील तिला."

धाकटीने नीट पाहिलं. बरणी एका अंगाला कलली होती. तोंड गोल राहिलं नव्हतं, जरासं लांबट झालं होतं. रोज डोळे मिटून हात फिरवणाऱ्या तिला ते दिसलंच नव्हतं.

"आणि झाकण मला नाही जमलं तर?"

"तर वाकडं होईल. आईंनी काय कमी वाकडी केली? त्यातलं एक माझ्या मिठाच्या भांड्यावर आहे. रोज डुगडुगतं, पण मीठ कोरडं राहतं."

"पण ही शेवटची आहे तिची."

"म्हणून तर सांगते," वहिनी म्हणाली आणि विटा रचायला निघून गेली.

धाकटीने प्लॅस्टिक काढलं, फडकं पूर्ण सोडलं आणि बरणी खिडकीच्या वाऱ्याला उघडी ठेवली. दोन्ही तळव्यांनी तोंड हलकेच दाबून पुन्हा गोल केलं. काडी आडवी धरून माप घेतलं, नखाने खूण केली. तेवढ्यात काठाचा गडद रंग एका बाजूने फिकट व्हायला लागलाही होता.

आईच्या टबात तळाशी तीच माती उरली होती. तिने एक मूठ काढली, पाटावर मळली, गोळा चाकाच्या मधोमध आपटला आणि चाक सुरू केलं. गोळा नुकत्या चालायला लागलेल्या मुलासारखा तळव्यांखाली इकडे तिकडे जात होता. धाकटीने कोपरं मांड्यांवर टेकवली आणि तो मध्यावर येईपर्यंत श्वास रोखून बसली.