सफाईदार गाठ

"आता एका हाताने गाठ मारून दाखव," लॅपटॉपमधून परीक्षक मॅडम म्हणाल्या. साथीमुळे सर्जरी शिकण्याच्या जागेची मुलाखत घरूनच चालली होती, आणि जागा एकच होती.

निनादने खुर्चीच्या दांडीला दोरा अडकवला. बोटं सरसर फिरली आणि गाठ बसली, सुगरणीच्या करंजीला मुरड बसावी तशी.

"वा रे पठ्ठ्या! कुठे शिकलास?"

वर्षभर त्याने कोविड वॉर्डात मृतदेह गुंडाळून पट्टीने बांधले होते. एका हाताने पाय धरायचे, दुसऱ्याने गाठ मारायची. हे ऐकून कोण जागा देणार?

"ऑपरेशन थिएटरमध्ये, मॅडम."

बोलून गेला आणि त्याची मान खाली गेली. ज्यांना पाणी पाजायला लेक नव्हती, खांदा द्यायला मुलगा नव्हता, त्या सगळ्यांना आपण ओळखसुद्धा दाखवली नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "शिकाऊंसाठी थिएटरं तर वर्षभर बंदच होती रे, बाळा. मीही वॉर्डात तशाच गाठी मारल्यात. जागेचं नंतर बघू, आधी डोळे पूस."

पण ज्यांचं काम आपणच नुकतं नाकारलं, ते हात डोळ्यांना लावायची निनादला लाज वाटली.