कूलर झाकायचा दिवस

"टाकीच्या तळाशी बोट फिरवून बघ, पाणी राहिलं नाही ना!" क्लॅरी खालून ओरडला.

"बोट काय, आख्खा हात फिरवला," वरून मर्ल म्हणाली. "तू आधी खुर्चीत नीट बस बघू. असा वर बघत राहिलास तर आता मानेचं दुखणं काढशील."

क्लॅरी बसला, पण त्याला बसवत नव्हतं. ब्रोकन हिलमधल्या या पत्र्याच्या छपरावर दर वर्षी तो स्वतः चढायचा. थंडी तोंडावर आली की वर बसवलेल्या कूलरचा नळ बंद करायचा, टाकी रिकामी करायची, पॅडवर साचलेला पांढरा क्षार खरवडायचा आणि सगळं खडखडीत वाळलं की वरून ताडपत्री बांधायची. यंदा त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली. आज सकाळी थंडी सोसवेना म्हणून मर्लनंच शिडी लावली. तो होही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

बायको छपरावर म्हणून जिवाला घोर होताच, पण त्याचं खरं दुखणं निराळं होतं. या गल्लीत कूलर झाकायचा तो क्लॅरीनं झाकल्यावर. कुणी तसं ठरवलं नव्हतं. शेजारच्या जो ग्रेचमुळे ते आपोआप ठरलं होतं. एका वर्षी जोनं एप्रिल लागताच, इथल्या थंडीला अजून अवकाश असताना, घाईघाईनं कूलर झाकला आणि दुसऱ्याच दिवशी वाळवंटाकडून उत्तरेचा भाजून काढणारा वारा सुटला. पुन्हा वर चढायची लाज वाटली म्हणून सगळं घर डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बसलं होतं. तेव्हापासून सगळे क्लॅरीच्या छपराकडे बघून शिडी काढायचे.

यंदा तो आधी इस्पितळात आणि मग मागच्या अंगणातल्या या खुर्चीत. अँझॅक डे, म्हणजे एप्रिलची पंचवीस तारीख, होईपर्यंत हीटर लावायचा नाही, हा इथला मानाचा प्रश्न. पण तो दिवसही होऊन गेला होता. कुंपणाच्या झाडांमुळे शेजाऱ्यांची छपरं काही दिसत नव्हती आणि कुणाला विचारायचा धीर होत नव्हता. आपल्यावाचून सगळ्यांनी कधीच झाकून टाकले असणार, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

"वाळलं सगळं. टाकते ताडपत्री," मर्ल म्हणाली.

"टाक. आणि बाकीच्यांनी कशा बांधल्यात तेही बघ जरा. आपलं सहज."

"सहज म्हणे!" मर्ल हसली. मग ताडपत्रीची सळसळ थांबली.

"मर्ल? आहेस ना?"

"एकही नाही, क्लॅरी."

"काय एकही नाही?"

"झाकलेला कूलर. पार कोपऱ्यापर्यंत सगळे उघडेच."

"चष्मा लाव."

"लावलाय. आणि वर वाराही झोंबतोय, तेव्हा उलटतपासणी पुरे."

तेवढ्यात कुंपणावरून एक डोकं वर आलं. जोची बायको, कार्मेन. भर दुपारी तिनं कानांवरून स्कार्फ गुंडाळला होता.

"क्लॅरी, ही बांधतेय ते तुमच्या सांगण्यावरून, की हिच्या मनानं?"

"का गं?"

"का म्हणजे? रात्री उघड्या कूलरमधून थंडी शिरते ती छताच्या जाळीतून थेट टाळक्यावर उतरते. माझा नवरा लोकरीची टोपी घालून झोपतो. झाक म्हटलं तर म्हणतो, क्लॅरीचा उघडाय, मी नाही पुन्हा फसायचा. समोरच्यांचंही तेच."

"मग विचारायला काय झालं होतं?"

"ऑपरेशन झालेल्या माणसाला काय कूलरचं विचारायचं? बरं दिसतं का ते?"

आख्खी गल्ली कुडकुडत होती, आणि ती आपल्यासाठी! त्याला इतका आनंद झाला की खुबा ठणकतोय हेही तो विसरला. पण आनंद लगेच दाखवेल तर तो क्लॅरी कसला. त्यानं बोट ओलं करून वाऱ्यात धरलं. उत्तरेकडचं आकाश न्याहाळलं. मग पुन्हा एकदा न्याहाळलं.

"बोला ना बाबा!" कार्मेन म्हणाली.

"घाई केली की तुझ्या जोसारखं होतं." त्यानं घसा साफ केला. "झाका."

कार्मेनचं डोकं खाली गेलं. "जो! झाका म्हणाले! ऊठ!" पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारलं, कोण म्हणालं म्हणून, आणि कार्मेननं तेही ओरडून सांगितलं. थोड्याच वेळात ग्रेचांच्या पन्हाळीवर शिडी आदळली. मग त्यांच्या पलीकडे एक. मग रस्त्याच्या त्या बाजूला.

मर्लनं शेवटची गाठ मारली आणि हात झटकले.

"झालं. शिडी धर, उतरते मी. गारठले पार."

क्लॅरी काठी टेकत उठला, शिडीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

"उतर. पण जरा थांब," तो म्हणाला. "आणखी कोण कोण चढलंय, तेवढं सांग."