ढोम्यांचा सुरुंग

पाण्याखालच्या श्रवणयंत्राने स्फोट टिपला आणि गस्ती बोट पुन्हा रोहिदास कोयंडेच्याच होडीला येऊन भिडली.

"जाळं वर घ्या," अधिकारी शलाका म्हणाली. सुरुंग फोडून मासे मारायला बंदी होती; स्फोट झाला की जाळं काढायचं, हा नियमच होता.

"मॅडम, जिलेटिनची एक कांडी गावली तर माका बुडवा!"

होडीत काहीच सापडलं नाही. पाण्यावर एकही मेलेला मासा नव्हता. हेडफोनमध्ये मात्र पुन्हा धडाम झालं. शलाका चक्रावली.

रोहिदासने वल्हं पाण्यात बुडवून दांडा कानाला लावला. ढोमा मासा पाण्याखाली आवाज काढतो; त्याचा आजा तो असाच आवाजावरून शोधायचा.

"मॅडम, खाली ढोमे आसत," तो पुटपुटला. "सुरुंगाचो आवाज तेच काढतत."

जाळं पूर्ण वर आलं, खाली ढोमे मोकळे सुटले, तसा आवाज थांबला. मग गस्ती बोटीच्या भोंग्यावरून पुकारा झाला: स्फोट, शेजारच्या होडीखाली. तिथले लोक निमूट जाळं ओढू लागले.