अकरा रेघा

गरगर फिरणारं यंत्र थांबलं. चिटणीस बाहेर आले. डोळे लाल. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, हात उशिराच हलला ना?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायला मला जमत नाही.

त्यांचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी एका तीव्र वळणात त्यांचं विमान कोसळलं. ते वाचले, मागच्या सीटवरचा मित्र गेला. चौकशीत त्यांना कुणी दोष दिला नाही; पण आपला हात उशिरा हलला म्हणून ते स्वतःला देतच राहिले. अशा वळणात शरीराचं वजन सातपट होतं, तेव्हा कुणाचाही हात अर्धा सेकंद मागे पडणारच, असं माझं गणित सांगत होतं. "तुमचं गणित कधी विमानात बसलंय का?" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं होतं. शेवटी वैतागून मी दहा वैमानिकांना, फिरता फिरता शरीराचं वजन तितकंच वाढवणाऱ्या या यंत्रात बसवून तेच वळण घ्यायला लावलं. आज अकरावे ते.

मी टेबलावर कागद पसरला. त्यावर अकरा रेघा होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या, नावं नसलेल्या.

"प्रत्येक रेघ म्हणजे एकेका वैमानिकाचा हात. यातली तुमची दाखवा."

ते एकेका रेघेवरून बोट फिरवत गेले. वळणापाशी प्रत्येक रेघ मागे पडत होती. ते पुन्हा पहिल्या रेघेवर आले, पुन्हा शेवटपर्यंत गेले.

"सापडत नाही हो," ते म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.