ऑप्शन सी

"दोन स्विचमध्ये चुकून दुसरी केबल जोडली गेली, तर नेटवर्कचं काय होईल?" नेटवर्क इंजिनिअरच्या नोकरीच्या मुलाखतीत बागवेसरांनी समोरच्या मुलीला विचारलं.

"ऑप्शन सी, सर!" ती चटकन बोलून गेली. मग लक्षात आलं, सरांनी ऑप्शन दिलेच नव्हते. तिनं जीभ चावली.

तिनं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट परीक्षेचे फुटलेले प्रश्न घोकून मिळवलेलं, हे उघडच झालं. तिच्या नावावर फुली मारायला सरांनी पेन उचललं, पण हात थबकला. कपाटातून दोन जुने स्विच आणि केबलींचं भेंडोळं काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं.

"जोडून बघा. काय दिसतं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"म्हणजे माझं उत्तर चुकलं, सर?"

"नाही, सीच आहे." भिंतीवरच्या स्वतःच्या सर्टिफिकेटकडे न बघता सर म्हणाले, "मलाही अजून पाठ आहे."